अर्धी मिटलेली पापणी

कुलपं विकणाऱ्याच्या दुकानात दरोडा पडला, यावर एरवी बाजाराने आठवडाभर विनोद केले असते. या वेळी कुणी हसलं नाही. दरोडेखोराने हातोडासुद्धा दुकानातलाच उचलला होता आणि तीन घावांत दुकानदाराला मरणाच्या दारात नेऊन ठेवलं होतं. पहिला घाव दुकानदाराने हातावर घेतला, बोटं मोडली. दुसरा कानशिलावर बसला. तिसरा, तो खाली पडल्यावर.

"तिसऱ्याची काही गरज होती का हो?" त्याची बायको पुन्हा पुन्हा तेवढंच विचारत होती. "पडला होता ना तो! गल्ला उघडा होता. न्यायचं ते ने की बाबा. तिसरा कशाला?"

हे ती विचारत होती पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत, एका चित्रकार मुलीला. मुलगी म्हणायचं आपलं, तिशी उलटून गेली होती. मोडक्या खुर्च्यांची चळत आणि पाण्याची टाकी यांच्या मधे तिचं टेबल, टेबलावर स्क्रीन, स्क्रीनसमोर काळी पाटी आणि त्या पाटीवर चालणारं विजेचं पेन. ठाण्यात तिला सगळे 'पेन्सिल' म्हणत. खरी पेन्सिल हातात धरून तिला युगं लोटली होती, पण पोलिसांनी एकदा नाव पाडलं की ते माणसाच्या मागे जन्मभर राहतं.

"कपाळ कसं होतं?" पेन्सिलने विचारलं.

"टोपी होती."

"नाक?"

"नाकातोंडाला फडकं बांधलेलं."

"मग तुम्हाला दिसलं काय, ताई?"

"डोळे," बाई म्हणाली. "मी आतल्या दारात उभी होते. तिसरा घाव घालून त्याने माझ्याकडे बघितलं. पन्नाशीचा असेल. एक पापणी अशी खाली आलेली, अर्धी मिटलेली." तिने स्वतःच्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला.

पेन्सिलने पेन खाली ठेवलं. इथेच सगळे साक्षीदार घसरतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "त्याचा डावा डोळा, की तुमच्या डाव्या हाताला होता तो?"

"त्याचा डावा. हातोडाही डाव्याच हातात होता. हात आणि डोळा एकाच बाजूचे."

हे तिने नीट ऐकलं आणि नीट काढलंही. पुढे जे झालं ते ऐकण्यात झालं नाही, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

डोळे काढायला तिला मामाने शिकवलं होतं. आईचा हा थोरला भाऊ. एके काळी सिनेमाचे मोठमोठे फलक हाताने रंगत, तेव्हा चेहरा मालक काढायचा आणि डोळे मामा. पुरुषभर उंचीचा एकेक डोळा, शिडीवर उभं राहून. फलक छापून यायला लागले तसा मामा दुकानांच्या शटरवर आला, पण तोरा फलकाचाच राहिला. मामाच्या तोंडाला लागणं म्हणजे आ बैल मुझे मार. भाचीने कौतुकाने वही पुढे केली की तो एक नजर टाकून म्हणायचा, "मेलेला मासा." दुसरं चित्र, दुसरा मासा. ती दहा वर्षांची असताना म्हणाला, वीस वर्षांची झाली तेव्हा म्हणाला, नोकरी लागली त्या दिवशी पेढ्याऐवजी हेच तोंडात घातलं. "बाजार भरेल एवढे मासे झाले," आई चिडून म्हणायची. पण मुलीला आईचं कौतुक नको होतं, मामाचंच हवं होतं. माणसाचं हे असंच असतं, घरातलं सोडून जे मिळत नाही त्याच्यामागे जीव टाकायचा.

तरी जे तिला येत होतं ते मामाचंच होतं. डोळा बदामाच्या आकाराचा नसतो, तो गोळा असतो आणि पापण्या त्यावर पांघरलेल्या असतात. डोळ्यातला पांढरा भाग पांढरा कधीच रंगवायचा नाही, राखाडी धरायचा, कोपऱ्यात किंचित लाल. वरच्या पापणीची सावली बुब्बुळावर पडली नाही तर माणूस दचकल्यासारखा दिसतो. खालच्या पापणीच्या काठावर ओलाव्याची बारीक रेघ हवी. उजेडाचा ठिपका सगळ्यात शेवटी. आणि राग बुब्बुळात शोधायचा नाही, तो पापणीत असतो. फरक एवढाच की मामाला चुकलं तर खरवडावं लागे आणि तिला एका थरावर दुसरा थर चढवता येत होता, नको असेल तर पुसून टाकता येत होता.

आणखी एक गोष्ट मामाची. चित्र आरशात बघायचं. फार वेळ बघितलेली चूक डोळ्याला सवयीची होते, ती आरशात उघडी पडते. मामाच्या पेटीत त्यासाठी दाढीचा आरसा असे. पेन्सिलला आरसा लागत नव्हता. एक बटण दाबलं की स्क्रीनवरचं चित्र उलटं व्हायचं, डावं ते उजवं. चूक दिसली की दुरुस्त करायची आणि पुन्हा बटण दाबून चित्र सुलटं करायचं. दिवसातून शंभरदा ती हे करत असे.

त्या दिवशी साहेब डोक्यावर उभे होते. "झालं का बाई? इस्पितळातून कधीही वाईट बातमी येईल. लोक तापलेत. मला आत्ता चित्र पाहिजे."

तिने राखाडी गोळे मांडले. पापण्या चढवल्या, डावी अर्धी खाली ओढली. सुरकुत्या, टोपीची सावली, फडक्याचा काठ. सगळं जागच्या जागी होतं आणि सगळं मेलेलं होतं. "असाच होता ना?" तिने विचारलं, तर बाई म्हणाली, "असाच. पण हा बघत नाहीये." पुन्हा मासाच! पेन्सिलच्या कानशिलात जाळ झाला. सवयीने तिने बटण दाबून चित्र उलटं केलं. मिटलेली पापणी आता चित्रातल्या माणसाच्या उजव्या डोळ्यावर आली. आणि का कोण जाणे, तिच्या हाताला वाट सापडली. पापणीचा काठ कुठे जाड होतो, कुठे दुमडतो, तिच्याखालून बुब्बुळ किती डोकावतं, हे सगळं जणू हाताला आधीच पाठ होतं. तिने भराभर काम केलं. शेवटी दुकानाच्या दारावरच्या ट्यूबलाइटचा उजेड म्हणून वरच्या अंगाला एक ठिपका दिला.

डोळा जिवंत झाला. त्याने थेट तिच्याकडे बघितलं.

बाईने किंकाळी फोडली आणि खुर्ची मागे सारली. "हाच! हाच बघत होता!"

आयुष्यात पहिल्यांदा पेन्सिलला स्वतःचं चित्र आवडलं. तिला आनंद झाला, समोर एक बाई थरथरत असताना तिला चक्क आनंद झाला. साहेबांनी "शाब्बास, पाठवा" म्हटलं आणि तिने पाठवलं. सुलटं करायचं बटण तिने दाबलंच नाही. संध्याकाळपर्यंत तो डोळा गावातल्या प्रत्येक फोनमध्ये जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूपवाला गेला.

ती रजा घेऊन घरी होती. दुपारी आई फोन घेऊन स्वयंपाकघरातून आली. चष्मा कपाळावर, हात ओले.

"काय गं, दादाचे डोळे कशाला काढलेस? आणि खाली हे काय लिहिलंय, खुनी?"

"कुणाच्या दादाचे?"

"माझ्या! तुझ्या मामाचे. हे काय, उजवी पापणी. लहानपणी तापात गेली ती. मी त्या डोळ्यासमोर लहानाची मोठी झालेय, मला शिकवतेस?"

पेन्सिलने फोन घेतला. नीट बघितलं. ठाण्यात जो डोळा तिला कुठूनतरी सापडला होता, तो हा होता. खांद्यामागून वहीत डोकावून "मासा" म्हणणारा. जे सगळ्यात जवळचं होतं तेच हातातून उतरलं होतं आणि तिला ओळखू आलं नव्हतं.

तिने साहेबांना फोन लावला. "चित्र उलटं गेलंय. ते परत घ्या."

"परत?" साहेब म्हणाले. "बाई, सुटलेला बाण आहे तो. आणि इकडे अंत्ययात्रेचा बंदोबस्त लावायचाय."

"मामा कुठाय?" तिने आईला विचारलं.

"बाजारात. मधल्या गल्लीत शटर रंगवतोय, पिवळं." आई खाली बसली. "तोंडाला फडकं बांधून. रंगाने खोकला होतो ना त्याला."

रिक्षा बाजाराच्या तोंडाशीच अडकली. आत गर्दी होती आणि गर्दीचा तो आवाज होता, ज्यात शब्द नसतात. पेन्सिल घरातून उचललेली काळी पाटी आणि ते चित्र उघडलेला छोटा स्क्रीन छातीशी धरून घुसली. कोपरं लागली, कुणीतरी केस ओढले. लोक फोन उंच धरून चित्रण करत होते, त्यांच्या काखांखालून ती पुढे गेली.

मामा अर्ध्या रंगलेल्या शटरला टेकून बसला होता. बसवला होता. शिडी आडवी, रंगाचा डबा पालथा, आणि पिवळ्या रंगात त्याच्या टाचा घसरत होत्या, म्हणून त्याला उठता येत नव्हतं. तो उठायला गेला की कुणीतरी लाथ घालायचं. तो पडला की लोक हसायचे. पिवळ्यावर रक्त पडलं होतं. रंग चकाकत राहतो आणि रक्त लगेच काळवंडतं, हे तिला त्याही क्षणी दिसलं आणि स्वतःची शिसारी आली.

मारणाऱ्यांत भाजीवाला होता, ज्याची पाटी मामाने रंगवून दिली होती. शाळेचा शिपाई होता. चांगल्या इस्त्रीचे कपडे घातलेला एक गृहस्थ होता, त्याने पिशवी आधी नीट बाजूला ठेवली आणि मग मामाच्या बरगडीत बूट घातला. बरगडी मोडली तो आवाज पेन्सिलने ऐकला. कुणाला कुलूपवाल्याचं सोयरसुतक नव्हतं. हात शिवशिवत होते आणि फुकटात एक माणूस मिळाला होता, एवढंच.

"सोडा! तो नाही!" ती ओरडली. "चित्र चुकलंय! मीच काढलंय ते चित्र!"

"हिनेच काढलंय!" एकजण आनंदाने ओरडला. "ऐका रे, चित्रवाली पण आली. आता काय पुरावा पाहिजे?"

एवढ्यात गर्दी फाटली आणि कुलूपवाल्याचा धाकटा भाऊ आला. सकाळी भाऊ गेल्यापासून रडून डोळे सुजलेले. हातात शटर ओढायची आकड्याची सळई. मागून दोन बायकांनी धरून वहिनीला आणलं होतं.

"वहिनी, बघा," तो म्हणाला. त्याने मामाच्या केसांना धरून तोंड वर केलं. फडकं तसंच होतं, पिवळं आणि लाल झालेलं. वर तो डोळा, अर्धा मिटलेला. "हाच का?"

बाईने बघितलं. कालपासून तिने हाच डोळा फोनवर हजारदा बघितला होता. खरा कधीच पुसून गेला होता.

"हाच," ती म्हणाली.

सळई वर गेली. पेन्सिलने दोन्ही हातांनी त्याचा दंड धरला, पण तो तिला घेऊनच फिरला आणि ती तोंडावर आपटली. ओठ फाटला, दात हलला. घाव बसला तो तिने बघितला नाही, ऐकला. मामा ओरडला. आयुष्यभर तो दुसऱ्यांवर ओरडत आला होता, पण असा आवाज त्याच्यातून कधी निघाला नव्हता. त्याने चांगल्या डोळ्यावर हात दाबला आणि बोटांतून काहीतरी वाहिलं, ते नुसतं रक्त नव्हतं.

सळई पुन्हा वर गेली. पेन्सिल सरपटत बाईच्या पायाशी गेली आणि तिची साडी धरून ओरडली, "ताई, हातोडा कुठल्या हातात होता?"

बाई बधिर होती. "काय?"

"हातोडा! कुठल्या हातात?"

"डाव्या."

"आणि डोळा?"

"त्याच बाजूचा. हात आणि डोळा..." बाई थांबली. मामाच्या उजव्या मुठीत ब्रश अजून होता. माणूस मार खात होता, पण ब्रश सुटला नव्हता. त्याच मुठीच्या बाजूला ती मिटलेली पापणी होती.

पेन्सिलने स्क्रीन तिच्या नाकासमोर धरला, काच तडकली होती. तिने बटण दाबलं. मिटलेली पापणी उजव्या डोळ्यावरून डाव्या डोळ्यावर गेली. बाईचं तोंड उघडलं आणि ती अशी मागे सरली की धरणाऱ्या बायकाही पडता पडता राहिल्या.

"हा!" ती किंचाळली. "हा आहे तो! हा!" मग दिराकडे वळून तिने त्याच्या थोबाडीत मारली. एक, दोन, आणि तिसरी. "काय केलंस? अरे, पडला होता ना तो! पडलेल्याला कशाला मारलंस?"

सळई खाली पडली. गल्ली रिकामी व्हायला वेळ लागला नाही. तो इस्त्रीच्या कपड्यांतला गृहस्थ पिशवी घ्यायला मात्र विसरला नाही. गावभरच्या फोनमध्ये चित्रण होतं, आणि त्या गल्लीत आपण होतो असं म्हणणारा एकही माणूस नंतर भेटला नाही.

साहेब इस्पितळात आले ते समजूत काढायला. "चित्र म्हणजे नुसता अंदाज असतो, चूक जमावाची. असंच लिहू आपण," ते म्हणाले. "तुमची नोकरीही राहील."

"चित्र उलटं होतं. मला ते उलटंच आवडलं, म्हणून मी तसंच पाठवलं," पेन्सिल म्हणाली. ओठाला टाके होते, शब्द जाड येत होते. "तेच लिहा. नोकरी गेली खड्ड्यात."

सुलट्या चित्रावरून खरा माणूस आठवडा संपायच्या आत सापडला. बाईला ओळख पटवायला बोलावलं तेव्हा पेन्सिलनेही गजांतून बघितलं. डावी पापणी खाली होती. बाकी डोळे साधे होते, झोप न झालेल्या माणसाचे. तिसऱ्या घावाचं उत्तर त्यांत कुठेच नव्हतं. चित्रातला डोळा त्यापेक्षा कितीतरी भयंकर होता, आणि ते सगळं भयंकर तिने स्वतः घातलं होतं.

मामाचा डावा डोळा गेला. राहिला तो उजवा, अर्ध्या उघड्या खिडकीसारखा. बरगड्या बांधलेल्या, हाताला नळी, आणि जिभेला मात्र काही झालं नव्हतं. पेजेत मीठ नाही म्हणून त्याने परिचारिकेला रडकुंडीला आणलं होतं. भाची आली की तो भिंतीकडे तोंड करायचा. ती पायथ्याशी बसून राहायची. माफी मागायला तिला तोंड नव्हतं, आणि त्याने ती मागूही दिली नसती.

एके दिवशी दुपारी तो भिंतीकडेच बघत म्हणाला, "दाखव."

"काय?"

"काय म्हणून काय विचारतेस? ज्याच्यापायी मार खाल्ला ते मी बघायला नको? सगळ्या गावाने बघितलंय."

तिने तडकलेला स्क्रीन त्याच्या हातात दिला. मामाने बोटाने पापणी वर उचलून धरली आणि चित्र नाकाला लागेल इतकं जवळ घेतलं. त्याने फार वेळ बघितलं. आई उगीचच पेला पुसत राहिली.

"पांढऱ्यात पांढरा वापरला नाहीस," तो म्हणाला. "बरं केलंस. ओली रेघ जरा जाड झालीय. ठिपका बरोबर जागी आहे." मग त्याने श्वास घेतला, बरगड्या दुखल्या असाव्यात, तो थांबला. "जिवंत आहे. मासा नाही."

ज्यासाठी जन्मभर तिने जीव टाकला होता ते हे होतं. ती पदराचा बोळा तोंडात कोंबून रडायला लागली. काय करावं ते आईलाही कळेना.

"रडायला काय झालं? काम आहे अजून," मामा म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, काचेचा डोळा बसवू. पण नमुना लागेल. फोटोत मी सगळीकडे टोपीखाली लपलोय. तू काढ. माझा डावा, चांगला डोळा. आणि खबरदार, हा उलटा करून चिकटवशील तर. दोन डोळे कधी सारखे नसतात, कितीदा सांगितलंय."

"काढते," ती म्हणाली.

तिने पाटी मांडीवर घेतली. राखाडी गोळा मांडला. पापणीची कड ओढायला पेन टेकवलं आणि हात थांबला. ती बघत राहिली. लहानपणापासून त्या चेहऱ्यात तिने मिटलेला डोळाच बघितला होता, सगळे तोच बघत. दुसरा धड होता, म्हणून त्याच्याकडे कधी बघावंच लागलं नव्हतं.

"आई," तिने हळूच विचारलं, "तुला आठवतो का गं, कसा होता?"

आईने तोंड उघडलं, मिटलं, आणि भावाकडे बघितलं.

"काय झालं?" मामा उशीवरून म्हणाला. "काढ की."